पेटीतले कलदार, पितळी गुंड आणि रेल्वेचा कंदील: छोट्या लिलाव साइटवर विकायचे कसे?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. वाटणीत आलेली एक पेटी आणि माळ्यावरची भांडी विकायची आहेत. भंगारात किलोवर घालायची नाहीत, सराफाकडे वितळवायला द्यायची नाहीत. माल असा:

राणी छाप आणि राजा छाप मिळून ब्रिटिश काळातली ३४ कलदार रुपयांची नाणी, शिवाय मागे वाघ असलेले १९४७ चे २. फारसी अक्षरांचे जाड, वेडेवाकडे ३ रुपये. एका बाजूला रामदरबार आणि दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं एक मोठं नाणं. दोन पितळी गुंड (पाणी भरायचे हंडे), एक तांब्याचं घंगाळ, एक बंब. लाल-हिरव्या काचांचा, 'जीआयपीआर' अक्षरांचा एक हातकंदील.

जुन्या वस्तूंच्या एका छोट्या लिलाव साइटवर खातं उघडलंय. सुरुवातीची किंमत किती ठेवावी, साइट किती कापते, पाठवायचं कसं आणि फसवणूक कुठे होते, हे सविस्तर हवंय. त्याच साइटवर जुनी पोस्टाची तिकिटं घ्यायचीही आहेत, तेव्हा बोली कशी लावावी हेही सांगा.

कलदार (जळगाव)

बोरीकाठ भाऊ, सगळ्यात आधी ती नाणी जशी आहेत तशीच ठेवा. लिंबू, चिंच, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही लावू नका. घासलेल्या रुपयाच्या पृष्ठभागावर बारीक रेघा उमटतात, भिंगाखाली त्या लगेच दिसतात आणि संग्राहक बोली लावत नाही. काळपट थर हा दोष नाही, उलट तो नाणं न छेडल्याचा पुरावा असतो. नाणं कडेनेच धरा, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्या पीव्हीसीतून कालांतराने हिरवट चिकट थर सुटतो आणि तो चांदीला खातो. पुठ्ठ्याचे चौकोनी 'टू बाय टू' होल्डर मिळतात, ते वापरा. पिना मारल्यावर पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात.

आता ओळख. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. ब्रिटिश रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. झिजलेला ११.४ ते ११.६ भरतो. सन १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे नव्या नाण्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. सन १९४० ते १९४५ च्या रुपयात ती निम्मीच, ५.८३ ग्रॅम. तुमचे वाघाचे रुपये निकेलचे आहेत. लोहचुंबक लावून पाहा, चिकटतील. त्यांना चांदीच्या ढिगात मिसळून फोटो काढू नका, खरेदीदाराला ती लबाडी वाटते आणि बाकीच्या मालावरचा विश्वासही उडतो.

चांदी खरी की जर्मन सिल्व्हर (तांबं, जस्त आणि निकेलचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) हे घरीच कळतं. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याचं घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ११.६६ ग्रॅमच्या ९१.७ टक्क्यांच्या रुपयाला आकडा सुमारे १.१३ येतो, १९४० नंतरच्याला १.२२ आणि जर्मन सिल्व्हरला १.३३ च्या पुढे. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा उगाच वाढतो, म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि नाणं बुडवल्यावर हलकेच झटका. नंतर मऊ फडक्याने टिपून घ्या, पुसू नका.

सालांवरून वेगळे काढा. 'व्हिक्टोरिया क्वीन' लिहिलेले १८७६ पर्यंतचे, 'एम्प्रेस' लिहिलेले १८७७ पासूनचे. सन १८६२ हेच साल पुढे कितीतरी वर्षं टांकसाळीत तसंच छापत राहिले आणि वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा म्हणून ठिपके घातले, त्यामुळे १८६२ दिसलं की मागचे-पुढचे ठिपके मोजून वर्णनात लिहा. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया असेल तर तो एकट्याने लावा. राजाच्या झग्यावरचा हत्ती सोंड आखूड असल्याने डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, तो छाप मागे घेतला आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. डुक्कर छाप म्हणून तो आजही शोधला जातो. १९३९ चा सापडला तर हरखून जाऊ नका, चलनात आलेला तो दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याची नक्कल सर्वाधिक होते. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या फुलाजवळ उठावाचा बारीक ठिपका असेल तर मुंबई टांकसाळ, नसेल तर कलकत्ता. हेही लिहायचं.

रामदरबाराचं १८१८ चं 'नाणं' कंपनीने कधीच पाडलं नव्हतं. हनुमान, राम, ओम, कमळ असले सगळे कंपनीच्या नावाचे तुकडे अलीकडचे आहेत. लाखोंची किंमत ऐकू येते ती फक्त व्हिडिओंमधून. पूजेत ठेवायला हरकत नाही, लिलावात ते लावू नका.

किमतीचं. मोठ्या साइटवर हजारो डोळे असतात, तिथे कमी किंमत लावून सोडली तरी बोली योग्य ठिकाणी पोचते. छोट्या साइटवर एका रुपयाच्या मागे दोन-तीनच गंभीर माणसं असतात, कधी एकच. त्यामुळे इथे सुरुवातीची किंमत हीच तुमची खरी किंमत धरून चाला. साध्या सालांच्या रुपयाला जळगावच्या सराफ बाजारातल्या त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने १०.६९ ग्रॅमचे जे होतील, त्याच्या खाली कधीच सुरुवात करू नका.

पांझरा (धुळे)

फोटो आणि वर्णनाचं मी सांगते, कारण छोट्या साइटवर बोली न येण्याचं पहिलं कारण तेच असतं.

फ्लॅश बंद. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीशी, ऊन थेट पडत नाही अशा जागी, राखाडी किंवा मळकट पांढऱ्या कागदावर नाणं ठेवा. फोन जवळ नेऊन वाइड लेन्सने काढलं की नाणं अंडाकृती दिसतं. ३० ते ४० सेंटिमीटर वर धरा आणि दोन पट झूम करा. लेन्स आधी पुसा, अर्धे धूसर फोटो बोटांच्या तेलाने होतात. प्रत्येक नाण्याचे चार फोटो: पुढची बाजू, मागची बाजू, कड, आणि काट्यावर ठेवलेलं, आकडा वाचता येईल असं. एका फोटोत बाजूला चिठ्ठीवर तुमचं खात्यावरचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. चोरीच्या फोटोंवर चालणारी खाती असतात, त्यामुळे ही चिठ्ठी पाहिली की अनुभवी माणूस निर्धास्त होतो.

दोष लपवू नका. कडेला छिद्र बुजवलेलं असणं, मागे कडी जोडल्याचा डाग असणं हे आपल्याकडच्या रुपयांत सर्रास आहे, कारण गळ्यातल्या माळेत रुपये ओवायचे. कडीची जागा घासून सपाट केलेली असेल तर त्याचा वेगळा फोटो आणि 'कडी काढल्याची खूण आहे' हे स्पष्ट वाक्य. ते न लिहिता विकलं तर परत येणारच, आणि छोट्या साइटवर एक वाईट अभिप्राय शंभर चांगल्यांवर मात करतो, कारण तिथले सगळे एकमेकांना ओळखतात.

शीर्षकात 'दुर्मीळ', 'अतिप्राचीन', 'करोडपती' असले शब्द नकोत. लोक शोधतात ते साल, राजाचं नाव, टांकसाळ आणि धातू. 'एक रुपया १९१८, पंचम जॉर्ज, मुंबई, चांदी, ११.५८ ग्रॅम' इतकं पुरे. मराठीत एक आणि इंग्रजीत एक अशी दोन्ही ओळ द्या, बोली राजस्थान आणि तमिळनाडूतूनही येते.

फारसी अक्षरांच्या रुपयांवर टांकसाळीचं नाव बहुधा अर्धं कापलेलं असतं, कारण साचा मोठा आणि चकती लहान असायची. आपल्या भागात बुऱ्हाणपूर टांकसाळीचे मुघल रुपये निघतात, ते शहर खानदेश सुभ्याचं ठाणंच होतं. पण खात्री नसेल तर 'बुऱ्हाणपूर' लिहू नका. 'टांकसाळ अस्पष्ट, फोटो पाहून ठरवा' असं लिहा, जाणकार स्वतः वाचतो आणि बोली लावतो. चुकीची टांकसाळ लिहिली तर तोच जाणकार दूर राहतो. या तीन नाण्यांना सर्व बाजूंनी, थोड्या तिरक्या उजेडात फोटो काढा, झिजलेली अक्षरं तिरक्या उजेडात उठून दिसतात.

तारखेचं: लिलाव ७ ते १० दिवसांचा, रविवारी रात्री नऊ ते साडेनऊला संपणारा ठेवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात संपवू नका, अर्धा खानदेश गावी असतो. उलट साधे झिजलेले रुपये धनत्रयोदशीच्या पंधरा-वीस दिवस आधी लावा. त्या वेळी लक्ष्मीपूजनासाठी लोकांना फक्त जुनी चांदी हवी असते, साल कोणी बघत नाही.

जंक्शन (भुसावळ)

कंदिलाबद्दल. जीआयपीआर म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत गेली, म्हणजे ही अक्षरं त्याआधीची असायला हवीत. बाजारात मात्र जुन्या किंवा नव्याच कंदिलावर ही अक्षरं ठोकून विकायचा धंदा चालतो. पाहायचं हे: खरे ठसे पत्रा वाकवण्याआधीचे असतात, त्यामुळे अक्षरांच्या खाचेतही तोच काळा थर आणि तोच गंज दिसतो. नंतर ठोकलेल्या अक्षरांच्या खाचा आतून चकचकीत असतात आणि मागच्या बाजूने पत्रा फुगलेला असतो. भिंगाने पाहून जे दिसेल ते लिहा.

मग भाग तपासा. बर्नर मूळ आहे का, वातीची फिरकी फिरते का, तेलाची टाकी आतून गंजून भोकं पडलीत का. टाकीत पाणी ओतून बघू नका, आतला गंज वाढतो. आत मोबाईलची बत्ती धरा, अंधाऱ्या खोलीत बाहेर उजेडाचे ठिपके दिसले की भोक आहे. काचांची चीर नखाने कळते. लाल-हिरवी काच एक जरी बदललेली असेल तरी लिहा. गंज घासून काळा रंग मारायचा मोह होईल, मारू नका, रंगवलेल्या कंदिलाची निम्मी बोली जाते.

आणि एक महत्त्वाचं: रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. भंगाराच्या लिलावात घेतल्याची जुनी पावती घरात कुठे असेल तर शोधा आणि तिचा फोटो जाहिरातीत टाका. ती नसेल तर कंदील लावण्याआधी एखाद्या वकिलाला विचारून घ्या. चालू मार्किंगची, अलीकडची रेल्वेची वस्तू तर अजिबात लावू नका.

पॅकिंग: काचा काढून प्रत्येकीला वेगळं गुंडाळा. कंदील आतल्या खोक्यात, ते खोकं बाहेरच्या खोक्यात, मध्ये सगळीकडून किमान ५ सेंटिमीटर चुरगाळलेला कागद घट्ट भरलेला. हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा उघडा. रावेर-सावद्याकडची केळीच्या निर्यातीची खोकी फार मजबूत असतात, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात, म्हणून आतून पुठ्ठा लावून घ्या.

भांड्यांचा हिशेब आधी करा. कुरिअर खरं वजन आणि जागेवरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कुरिअर ५००० ने भागतात. गुंडाचं खोकं ३५ बाय ३५ बाय ३५ झालं तर ४२,८७५ भागिले ५००० म्हणजे साडेआठ किलोहून जास्त, जरी गुंड साडेतीन किलोचा असला तरी. तेव्हा गुंड, घंगाळ आणि बंब 'अमळनेरहून स्वतः घेऊन जावे' असंच लावा. जळगाव, धुळे, नाशिकचे हॉटेलवाले आणि घर सजवणारे घेऊन जातात. घंगाळाचं वजन, तोंडाचा व्यास, आतली कल्हई शिल्लक आहे की नाही, तळाला झाळण (डाग देऊन केलेली दुरुस्ती) आहे का, हे लिहा. पितळाला चिंच लावून लखलखीत करू नका, विकत घेणाऱ्याला हवं तर तो करील.

बोरीकाठ (अमळनेर)

फार उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. साइटच्या सूचनांमध्ये लिहिलंय की एक रुपयापासून सुरुवात करा, गर्दी जमते. कलदार भाऊ नेमकं उलटं सांगतात. आणि हाती पैसे किती राहतात?

गिरणाथडी (चाळीसगाव)

एक रुपयाचा सल्ला सरसकट चूक नाही. जिथे एकाच प्रकारच्या वस्तूवर पाच-सहा जण आधीपासून लढताना दिसतात तिथे तो चालतो. साइटवर 'संपलेले लिलाव' बघा. तुमच्यासारख्या रुपयावर शेवटच्या दहा लिलावांत सरासरी किती बोलीदार होते ते मोजा. पाचाहून जास्त असतील तर कमी किमतीने उघडा. दोन असतील तर कलदार म्हणतात तेच करा, किंवा राखीव किंमत ठेवा. राखीव किंमत म्हणजे तिच्याखाली बोली थांबली तर विकणं बंधनकारक नाही. मात्र काही साइट राखीव किमतीसाठी वेगळं शुल्क घेतात, आणि खरेदीदारांना 'राखीव गाठलेली नाही' ही पाटी आवडत नाही. माझं मत: ३४ पैकी चार-पाच चांगले वेगळे, प्रत्येकी योग्य किमतीला, आणि बाकीचे दहा-दहाच्या गठ्ठ्याने. सगळे एकाच दिवशी लावले तर तुमचेच रुपये तुमच्याच रुपयांशी झगडतील.

हाती किती, हे उदाहरणाने. समजा बोली ४,००० ला संपली आणि साइटची विक्री दलाली ८ टक्के. दलाली ३२०, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ५७.६०. पैसे वळते करण्याचं शुल्क २ टक्के म्हणजे ८०, त्यावर जीएसटी १४.४०. पॅकिंगचं सामान ६०. हाती ३,४६८. तुमच्या साइटचे टक्के वेगळे असतील, पण हे पाचही रकाने भरून बघितल्याशिवाय किंमत ठरवू नका. पाठवण्याचा खर्च खरेदीदाराकडे हे जाहिरातीत आकड्यासह लिहा, 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' लिहिलं की नंतर वाद होतो.

आता बोली लावण्याकडे, तुम्ही तिकिटं घेणार म्हणून. बहुतेक साइटवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता आणि साइट तुमच्या वतीने लागेल तेवढीच वाढवते. सध्याची बोली १,५०० आहे, आघाडीवरच्या बोलीदाराची कमाल २,००० आणि टप्पा १०० चा. तुम्ही २,६०० टाकलंत तर बोली तुमच्या नावावर २,१०० दिसेल, २,६०० नव्हे. तिसऱ्यानेही नेमके २,६०० टाकले तर आधी टाकणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, २,६०० ला मिळेल. म्हणून साइट मान्य करत असेल तर गोल आकडा टाकू नका, २,६११ टाका. बरोबरीच्या वेळी ते अकरा रुपये निकाल लावतात.

शेवटच्या सेकंदाला बोली टाकण्याचा उपयोग साइटच्या नियमावर आहे. वेळ ठरलेली असेल तर उपयोग आहे. पण बऱ्याच छोट्या साइटवर शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढते, तिथे शेवटच्या क्षणाची धडपड व्यर्थ. सकाळीच शांतपणे कमाल रक्कम टाका आणि बाजूला व्हा. गावाकडच्या नेटवर शेवटच्या मिनिटाला पान उघडेलच असं नाही.

खरेदीदाराकडूनही साइट दलाली घेते का ते पाहा. समजा ती १२ टक्के आहे, तिच्यावर जीएसटी १८ टक्के, आणि टपाल १२०. तुमची मर्यादा ३,५०० असेल तर बोली ३,५०० नाही लावायची. ३,५०० मधून १२० वजा, उरलेले ३,३८० भागिले १.१४१६, म्हणजे सुमारे २,९६०. हा भागाकार न करता बोली लावणारे हमखास जास्त पैसे देतात.

तिकिटांमध्ये मागचा फोटो नसलेली जाहिरात सोडून द्या. बिजागऱ्या (अल्बममध्ये तिकीट लावायच्या कागदी पट्ट्या) लावलेल्या, गोंद उतरलेल्या, मागून पातळ झालेल्या तिकिटांचा दोष फक्त मागच्या बाजूला दिसतो.

खोट्या बोलींपासून सावध. एखादं खातं नेहमी एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावतं, कधी जिंकत नाही, आणि त्याला अभिप्राय शून्य असतात, तर ते विक्रेत्याचंच असण्याची शक्यता आहे. बोलींचा इतिहास दाखवत नसलेल्या साइटवर मोठी बोली लावू नका. आणि स्वतःच्या मालावर घरच्यांच्या खात्यातून बोली लावू नका. ती फसवणूक आहे, आणि छोट्या साइटवर ती फार लवकर उघडी पडते.

सातपुडा (शहादा)

कायदा आणि फसवणूक हे दोन विषय राहिले.

सन १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू, नाणीसुद्धा, पुरावशेष ठरते. ती परदेशात पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातून आलेल्या बोली साइटच्या सेटिंगमध्येच बंद करा, 'भारतातच पाठवतो' लिहा. धंदा म्हणून अशा वस्तू विकायच्या असतील तर परवाना लागतो. देवघरातल्या धातूच्या किंवा दगडाच्या जुन्या मूर्तींना तर नोंदणी लागते, त्या लावूच नका. गढीची पांढरी माती शेतात टाकताना किंवा पाया खोदताना सापडलेली नाणी ही वेगळी गोष्ट: १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुमचे फारसी रुपये पेटीतले, वाटणीचे आहेत, ते वर्णनात लिहा आणि वाटणीपत्राची प्रत जपून ठेवा. पेटीत हस्तिदंती बांगडी, वाघनख, हरणाचं शिंग असं काही निघालं तर त्याचा फोटोही साइटवर टाकू नका, वन्यजीव कायद्यात त्याची विक्री बंद आहे.

इबे इंडिया ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाल्यावर अशा छोट्या साइटवर माणसं विखुरली, आणि त्यांच्या मागोमाग ठगही. साइट तपासताना: पानाच्या तळाशी कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव हवं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार यातलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी देणं बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. विक्रीचे पैसे साइटच्या पाकिटात साठवू नका, दर आठवड्याला बँकेत वळवा. छोटी साइट बंद पडते तेव्हा आधी सूचना देतेच असं नाही.

ठगांच्या ठरलेल्या चाली. पहिली: जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन येतो, 'सगळं घेतो, साइट सोडून बोला', आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर येतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. दुसरी: 'रिझर्व्ह बँकेची परवानगी आली, तुमच्या नाण्याचे १२ लाख मंजूर, फक्त कर भरा.' जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि त्यावर कुठलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं आहे. तिसरी: जास्त पैसे पाठवल्याचा बनावट मेसेज आणि फरक परत मागणं. मेसेज बघू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. साइट ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पाठवताना: नाणं होल्डरसकट दोन जाड पुठ्ठ्यांत चिकटवा, हलवल्यावर वाजता कामा नये. पाकिटावर 'नाणी' किंवा 'चांदी' लिहू नका. खासगी कुरिअरच्या नियमांत नाणी-चांदी बहुतेक वेळा वगळलेली असतात, हरवलं तर भरपाई मिळत नाही. पोस्टात स्पीड पोस्टने, विमा काढून पाठवा आणि किंमत खरी लिहा. पॅक करतानाचा एकच, न तोडलेला व्हिडिओ: नाणं, काट्यावरचं वजन, पाकीट बंद होणं, पत्ता. परत आलेल्या पाकिटातून दुसरंच झिजलेलं नाणं निघतं तेव्हा हाच व्हिडिओ आणि वजनाचा आकडा उपयोगी पडतो. जिंकणाऱ्याने तीन दिवसांत पैसे दिले नाहीत तर साइटवरूनच आठवण पाठवा, पाचव्या दिवशी व्यवहार रद्द करून दलाली परत मागा, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीला देऊ करा.

बोरीकाठ (अमळनेर)

पाण्यात वजन करून झालं. २४ नाण्यांचा आकडा १.११ ते १.१३, नऊचा १.२१ ते १.२३, आणि एकाचा १.३६. त्या एकावर साल १९२९ आहे, राजा पंचम जॉर्ज. वजन ११.७१. फारसी तीनपैकी दोन ११.४ च्या आसपास, एक १०.९.

कलदार (जळगाव)

१९२९ चा बाजूला काढा. सन १९२३ ते १९३७ या काळात चलनासाठी एक रुपया पाडलाच नव्हता, आणि १.३६ म्हणजे घनता ८.६, चांदी नाहीच. जर्मन सिल्व्हरचा ओतीव तुकडा आहे. कड बघा, खाचा असमान आणि मध्ये साच्याची शिवण दिसेल. नक्कल म्हणूनही लावू नका, पुढचा माणूस तो खरा म्हणून खपवतो.

नऊ नाणी १९४० ते १९४५ ची असतील, सालं जुळवून घ्या. त्यांचा गठ्ठा वेगळा, आणि किंमत ५.८३ ग्रॅमच्या हिशेबाने. सरमिसळ केली तर खरेदीदार सगळ्यांनाच निम्म्या चांदीचे धरतो. २४ मधले साल, ठिपके आणि टांकसाळ पाहून चार-पाच वेगळे काढा, उरलेल्यांचे दोन गठ्ठे करा.

१०.९ च्या फारसी रुपयाची कड भिंगाखाली बघा. कडेने चांदी कातरून घेतलेले रुपये जुन्या काळापासून आहेत. एका बाजूची कड सरळ, चाकूने कापल्यासारखी दिसली तर तसं लिहा. त्याच्या कडेचाही पाण्यातल्या वजनाचाही फोटो द्या, कारण हलका आहे म्हणून खोटा, अशी पहिली शंका याच्यावरच येईल.